चोरलकडच्या पावसाळी वाटा: पुढचा टायर कोणता घ्यावा?

पहाटेची_फेरी · 28 जून

नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते. दोन वर्षांपासून दर रविवारी पहाटे सायकल घेऊन खंडवा रोडने बाहेर पडते. आधी सिमरोलपर्यंत डांबरीवरूनच जायचे. मग एकदा तिंछा धबधब्याकडे वळले आणि कच्च्या वाटेचा नाद लागला तो लागलाच. सायकल साधी हार्डटेल (मागे शॉक नसलेली), 27.5 इंची चाकं, पुढे 100 मिलिमीटर दबणारा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा. टायर सायकलीबरोबर आले तेच आहेत, 27.5×2.10, म्हणजे 2.10 इंच रुंद. मधली बटनं, म्हणजे टायरवरचे रबराचे उंचवटे, बुटकी आणि दाटीवाटीची, कडेची तर घासून जवळजवळ सपाट झालीत.

गेल्या वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी पडले. ते नीट सांगते, म्हणजे चूक टायरची होती की माझी हे कुणाला तरी सांगता येईल. रात्री पाऊस होऊन गेला होता, सकाळी उघडीप होती. उतार मुरमाचा, फार तीव्र नाही, त्याआधी आठ-दहा वेळा तरी उतरलेला. पावसाने वरची बारीक माती धुऊन नेली होती आणि ज्वारीच्या दाण्यांएवढे गोल खडे कडक जमिनीवर मोकळे उरले होते. वळण डावीकडचं. पुढच्या ब्रेकवर माझं बोट होतं, नुसतं टेकवलेलं. पुढचं चाक उजवीकडे सरकलं, सुपात धान्य पाखडल्यासारखा आवाज आला आणि काही कळायच्या आत मी डाव्या हातावर पडलेली होते. मनगटाला बारीक फ्रॅक्चर, साडेतीन आठवडे प्लास्टर.

आई म्हणते, सायकल विकून टाक. मला विकायची नाहीये. मला त्याच उतारावर परत जायचंय, पण जाताना पोटात गोळा नको.

एका दुकानात विचारलं तर म्हणाले, मॅडम, एमटीबीचे (माउंटन बाइकचे) सगळे टायर सारखेच, हवा टाइट ठेवा म्हणजे पंक्चर होणार नाही. हवा मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे भरते. तो कॉम्प्रेसर लावतो, अंगठ्याने दाबून बघतो आणि "हो गया" म्हणतो. किती भरतो ते मी कधी मोजलेलं नाही.

माझं वजन 58 किलो. टायरसाठी पाच हजार बाजूला ठेवलेत. दोन्ही बदलायचे की एकच? रुंद घ्यायचा की अरुंद? आणि मधे शेतांमधून जाणारा काळ्या मातीचा एक पट्टा आहे, पावसात तिथे सायकल ढकलतच न्यावी लागते. त्यावर चालेल असा टायर असतो का?


धूळपाटी · 28 जून

ताई, सरळ 2.6 रुंदीचे दोन्ही लावा. जितका रुंद तितकी पकड जास्त. माझ्याकडे 29 ची सायकल आहे, 2.6 लावल्यापासून मी एकदाही घसरलो नाही.


विंध्याचा_उतार · 29 जून

ताई, मनगट आता कसं आहे ते आधी कळवा. वळताना हँडलवर भार देताना दुखत असेल तर टायर थांबू शकतो, मनगट थांबवू नका.

मी महूला राहतो. शाळेत गणित शिकवायचो, आता निवृत्त आहे. 2009 पासून चोरल, कालाकुंड, जानापाव या भागात सायकल चालवतो, आणि तुम्ही पडलात तसल्या मुरमावर मीही पडलोय, एकदा गुडघ्यावर आणि एकदा खांद्यावर. म्हणून जरा लांबण लावतो, राग मानू नका.

पैसे खर्च करण्याआधी हवा मोजा. कॉम्प्रेसरने अंगठ्याच्या अंदाजाने भरलेली हवा बहुतेक वेळा 40 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) वर निघते. तुमच्या वजनाला आणि 2.10 च्या टायरला, आत ट्यूब आहे असं धरून, पुढे 26 आणि मागे 29 पुरे. टाइट टायर खड्यावर आला की खड्यावरून उडी मारतो. हवा कमी असली की टायर थोडा दबतो, खडा रबरात रुतल्यासारखा बसतो आणि चाकाखाली जास्त जागा टेकते. फूट पंपाचा काटा इतक्या कमी दाबाला फारसा भरवशाचा नसतो. हातात मावणारा डिजिटल गेज घ्या, त्यावरचे पैसे वाया जाणार नाहीत. दर फेरीला दोन-दोन पीएसआय कमी करत जा. ज्या दिवशी दगडावर रिम आपटल्याचा टणक आवाज येईल त्या दिवशी दोन वाढवा. तो तुमचा आकडा, वहीत लिहून ठेवा.

आता तुमच्या पडण्याबद्दल. टायरजवळ पकड ठरावीक असते. वळताना ती वळण्यात खर्च होते. ब्रेक धरला, अगदी बोट टेकवण्याइतका, तरी तो त्यातूनच आपला वाटा काढून घेतो. मोकळ्या खड्यांवर मुळात शिल्लक कमी, त्यात तुमची कडेची बटनं झिजलेली. वळणावर सायकल कलली की मधली बटनं काहीच करत नाहीत, सगळा भार कडेच्या ओळीवर येतो. मुरमात ती ओळ उंच आणि पायाशी जाड हवी, म्हणजे खड्यांचा थर फोडून खालच्या कडक जमिनीला धरते. बारीक असली तर आडवी मुडपते. तेव्हा ब्रेक वळणाच्या आधी आवरायचा आणि वळणात सोडायचा, हे टायर बदलल्यावरही पाळावं लागेल.

नवा टायर एकच घ्या आणि तो पुढे लावा. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते, तुम्हाला कळतं, सावरायला वेळ मिळतो. पुढचं घसरलं की वेळ मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढे चांगला, मऊ रबराचा, उंच बटनांचा टायर. मागे सध्याचाच राहू द्या. वर्ष-दीड वर्षाने पुढचा थोडा झिजला की तो मागे टाकायचा आणि पुढे नवा. मी असंच करत आलोय.

धूळपाटी, तुमच्या 29 च्या सायकलीला 2.6 शोभत असेल, पण ताईंच्या सायकलीचा फोर्क आणि रिम त्या मापाचे असतील असं वाटत नाही. ताई, एक सोपी चाचणी करा. 6 नंबरची अ‍ॅलन की घ्या आणि टायर आणि फोर्कच्या दोन्ही बाजूंमधून, वरच्या कमानीखालून आडवी फिरवून बघा. नवा टायर लावल्यावरही ती सगळीकडून मोकळी जायला हवी. कमी जागा राहिली तर चिखल अडकतो, आणि चिखलात खडा असला की फोर्कचा रंग आणि टायरची कड दोन्ही खरवडतात. रिमची आतली रुंदी 19 ते 23 मिलिमीटर असेल तर 2.25 ते 2.35 बरोबर बसेल. त्याहून रुंद टायर अरुंद रिमवर फुग्यासारखा गोल होतो आणि वळणात डुलतो.

नावं विचाराल तर मोकळ्या मुरमासाठी मॅक्सिसचा हाय रोलर 2 किंवा मिनियन डीएचएफ, श्वाल्बेचा मॅजिक मेरी किंवा हान्स डाम्फ. मिनियनमध्ये मधल्या आणि कडेच्या ओळींत रिकामी खाच आहे. सायकल पुरती कलवली की कडेची ओळ घट्ट धरते, पण अर्धवट कलवली तर त्या खाचेवर क्षणभर काहीच हाताला लागत नाही. पडून उठलेला माणूस सुरुवातीला अर्धवटच कलवतो, ते साहजिक आहे. हान्स डाम्फमध्ये मधेही बटनं आहेत, म्हणून पकड हळूहळू चढत जाते. मला तुमच्यासाठी तो बरा वाटतो. मॅक्सिसचा शॉर्टी हा खास चिखलाचा, उंच टोकदार आणि विरळ बटनांचा. डांबरीवर तो पाय ओढल्यासारखा चालतो. रामबाग ते सिमरोल डांबरी असल्यामुळे मी तो सुचवणार नाही.

टायर घेताना बटनावर अंगठ्याचं नख रोवून बघा. मऊ रबरात खूण उमटते आणि सावकाश भरून येते, कडक रबरात नख घसरतं. श्वाल्बेच्या अ‍ॅडिक्स रबराच्या सॉफ्ट प्रकारावर नारिंगी पट्टी असते, स्पीडग्रिपवर निळी, स्पीडवर लाल. तुम्हाला पुढे नारिंगी मिळाली तर उत्तम, निळीही चालेल. आणखी एक: आपल्याकडे एप्रिल-मे पत्र्याच्या गोदामात काढलेला जुना माल बराच असतो. बटन वाकवून त्याच्या मुळाशी बघा, केसाएवढ्या चिरा दिसल्या तर कितीही सवलत दिली तरी घेऊ नका.

मऊ रबराचं खरं काम ओल्या काळ्या दगडावर कळतं. चोरलच्या ओढ्यांत आपला बेसॉल्ट आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं आणि तिथे उंच बटनं काही कामाची नाहीत, कारण रुतायला जागाच नाही. तिथे रबर जितका मऊ आणि हवा जितकी बेताची तितकं बरं. बेताच्या वेगाने, हँडल सरळ, ब्रेक न धरता पार व्हायचं. पाणी गढूळ असेल तर उतरायचंच नाही. 2011 च्या जुलैत पातालपाणी धबधब्याला वरून अचानक लोंढा आला आणि माणसं वाहून गेली, ते आम्ही महूकर विसरलेलो नाही. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस वर कुठेतरी पडून गेलेला असतो.

राहिली काळी माती. त्या मातीला चालेल असा टायर नाही, ताई. हे मी पैसे आणि एक अख्खा दिवस घालवून शिकलो. सिमरोलच्या पलीकडे सोयाबीनच्या शेतांमधून एक गाडरस्ता जातो. पाऊस थांबून तीन तास झाले होते, वर ऊन होतं, मला वाटलं सुकला असेल. दोनशे मीटर गेलो नसेन, चाक जड झालं. आणखी पन्नास मीटर आणि फोर्कच्या कमानीत माती आणि काडकचरा असा ठासून बसला की चाक फिरेना. मी जोर लावला. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ओढला गेला आणि तो लटकतो ती पट्टी, हँगर, मोडली. तिथून सायकल खांद्यावर. बांधावर एक शेतकरी बसले होते. त्यांनी खुरपं दिलं, मी टायरवरून माती काढली तर ढेकळं निघाली, एकेक तळहाताएवढं, कणकेसारखं चिकट. ते म्हणाले, पाऊस पडल्यावर आम्ही बैलसुद्धा घालत नाही या वाटेवर, तुम्ही सायकल घालता?

वाफसा, म्हणजे पावसानंतर जमीन मशागतीजोगी सुकणं, हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मी तो सायकलीसाठी तेव्हापासून वापरायला लागलो. पट्टा सुरू होतो तिथे उतरा, चाकोरीतली मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. आपटून फुटला तर जा. चपटा होऊन तसाच बसला तर मागे फिरा. काळी माती पाणी पिऊन फुगते, वरून सुकलेली दिसली तरी दोन बोटं खाली लोण्यासारखी असते. जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस कडक ऊन लागतंच. मुरमाचं उलट आहे, पाणी निथळलं की तासाभरात चालण्याजोगा होतो. म्हणून मी पावसाळ्यात वाट निवडताना आधी माती बघतो, टायर नंतर.


पावागड_पायथा · 29 जून

काकांचं सगळं पटलं. फक्त ट्यूबबद्दल बोलतो. मी वडोदऱ्याचा, पावागड आणि जांबुघोड्याच्या बाजूला जातो. इथे ज्याला गांडो बावळ म्हणतात ती वेडी बाभूळ वाटेच्या दोन्ही कडांना आहे आणि खाली गोखरू. ट्यूब होती तेव्हा एका फेरीत दोन-तीन पंक्चर ठरलेले. ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक बुजवणारं द्रव) घातलं तेव्हापासून काटा निघाला की पांढरा थेंब बाहेर येतो, चाक फिरवलं की बंद. शिवाय ट्यूबच नसल्यामुळे हवा 21-22 वर आणली तरी ट्यूब चिमटून फुटण्याची भीती नाही. मुरमात याचा फरक पहिल्याच वळणाला कळतो.

उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं हे मात्र लक्षात ठेवा. मी मार्च ते जून दर दीड-दोन महिन्यांनी टायर हलवून कानाशी धरतो. आत चुळचुळ ऐकू आली नाही की भर घालतो. रिमवर ट्यूबलेस रेडी लिहिलेलं आहे का ते आधी बघा. साध्या रिमवर टेपचे जुगाड करून वळणात टायर रिमवरून निखळताना मी पाहिलाय.


विंध्याचा_उतार · 30 जून

पावागड, बरोबर आहे, मीही 2018 पासून ट्यूबलेसच वापरतो. पण ताईंना मी आत्ता सांगणार नाही. त्यांना आधी त्या उताराची भीती घालवायची आहे. टायर, हवा, ब्रेक असे तीन बदल होतायत, चौथा आला तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. पावसाळा ट्यूबवर काढा, दिवाळीनंतर ट्यूबलेस करा. तोवर पंक्चर झालं तर ट्यूबवरची भोकं नीट बघा, ताई. एकच बारीक भोक असेल तर काटा. सापाने डसल्यासारखी शेजारी शेजारी दोन असतील तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटली आहे, हवा दोन पीएसआय वाढवा.


धूळपाटी · 30 जून

काका, फोर्कचं माप माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आज माझ्या सायकलीत अ‍ॅलन की घालून बघितली, मागे चेनजवळच्या दांडीशी 6 ची अडकते. 4 ची जाते. म्हणजे मागे 2.6 जास्त झालाय का?


विंध्याचा_उतार · 30 जून

मुरमावर चालवत असाल तर चालेल. ओल्या मातीत नेऊ नका. मागचा टायर कधी बदलाल तेव्हा 2.4 घ्या. आणि त्या दांडीवर आतल्या बाजूने घासल्याचा पट्टा दिसतोय का ते फडक्याने पुसून बघा.


पहाटेची_फेरी · 13 जुलै

उशीर झाला, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

काका, मनगट बरं आहे, पावसाळी हवेत सकाळी थोडं आखडतं. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलंय.

पहिल्याच दिवशी गेज आणला. पुढच्या टायरमध्ये 47 निघाले, मागच्यात 51. आकडा बघून मी पायरीवर बसलेच. दोन वर्षं मी दगडी चाकांवर फिरत होते.

टायर 27.5×2.35 चा हान्स डाम्फ मिळाला, निळ्या पट्टीचा. नारिंगी पट्टीचा नव्हता. नख रोवून बघितलं, शेजारच्या स्वस्त टायरवरही रोवून बघितलं, फरक खरंच कळतो. रिमची आतली रुंदी 21 निघाली. अ‍ॅलन की डावी-उजवीकडे मोकळी जाते, कमानीखाली जेमतेम जाते. घरी आल्यावर लक्षात आलं की दुकानात टायर उलटा चढवला होता, कडेवरचा बाण मागच्या बाजूला. परत काढला, स्वतः बसवला. पहिल्यांदाच टायर काढत होते, दोन लिव्हर आणि एक तास लागला, पण आता येतं.

काल त्या उतारावर गेले. पुढे 24, मागे 28. परवा रात्री पाऊस झाला होता, खडे तसेच मोकळे. वळणाच्या आधी वेग आवरला आणि ब्रेकवरचं बोट मुद्दाम उचलून मुठीवर ठेवलं. चाकाखाली आवाज आला, पण या वेळी तो खडे दाबले जाण्याचा होता, खसखशीवर पाटा फिरवावा तसा. सायकल वळली. मी खाली थांबले, वर बघितलं आणि ढकलत वर नेऊन पुन्हा उतरले. मग आणखी दोनदा. चौथ्यांदा उतरताना खांदे सैल झाल्याचं माझं मला जाणवलं.

शेताच्या पट्ट्याशी गोळा करून सोडला. चपटा झाला, भाकरीसारखा. मागे फिरले आणि मुख्य रस्त्याने आले. घरी सायकल धुवायला दहा मिनिटं लागली, गेल्या वर्षी याच पट्ट्यानंतर दोन तास लागायचे.

एक अडचण उरली आहे. उताराच्या तळाशी वळून परत चढताना, गिट्टी सुरू होते तिथे, मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि मला उतरावं लागतं. उभी राहून पॅडल मारते म्हणून होतंय की तो झिजलेला टायर आता खरंच बदलायला हवा?


विंध्याचा_उतार · 13 जुलै

शाबास ताई. उभं राहिलात की भार पुढे जातो आणि मागचं चाक हलकं होतं. सीटवर बसूनच चढा, सीटच्या पुढच्या टोकावर सरका, कोपर खाली आणा, एक गिअर हलका घ्या आणि पॅडल झटक्याने न मारता गोल फिरवा. तरीही फिरलं तर मागचं 28 चं 26 करून बघा. रविवारी मी महूहून सिमरोलला येतोय, साडेसहाला बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर थांबतो. गिट्टीचा तो चढ मला बघायचाय. शेतकऱ्यांची परवानगी असलेली एक मुरमाची वाट आहे, पाऊस नसेल तर तीही दाखवतो.